बंदुकीची दारू घरात ठेवताना: तिजोरी नको, लाकडी पेटी हवी

प्रश्न: आमचे मूळ घर भुदरगड तालुक्यात आहे. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे आणि चुलत्यांच्या नावावर १२ बोअरची दुनळी आहे. मी कोल्हापुरात राहतो, रेंजवर सराव करतो आणि पुढे रीतसर परवानगी मिळाल्यास १२ बोअरची काडतुसे घरी भरावीत अशी इच्छा आहे. वडील दारू आणि टोप्या (ठोक्याने पेटून बार उडवणाऱ्या) लोखंडी तिजोरीत एकत्र ठेवतात. परवा माळा साफ करताना आजोबांच्या काळातला एक फिरकीच्या झाकणाचा पितळी डबाही सापडला, त्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. हे सगळे सुरक्षित कसे ठेवावे?

उत्तर: आधी माळ्यावरच्या डब्याचे बोलतो, कारण बाकीच्या गोष्टी दोन दिवस उशिरा झाल्या तरी चालतील, ही चालणार नाही. तो डबा उघडू नका, हलवून आवाज ऐकू नका आणि खालीही आणू नका. फिरकीच्या आट्यांमध्ये दारूची पूड किंवा गंजाचा चुरा अडकलेला असतो आणि झाकण जोर लावून फिरवले की नेमके तेथेच घर्षण होते. आत काळी दारू, म्हणजे ठासणीच्या बंदुकीत भरतात ती, असेल, बिनधुराची पावडर, म्हणजे आजच्या काडतुसांत असते ती, असेल किंवा सुट्या टोप्या असतील. तिसरी शक्यता सर्वांत वाईट आहे आणि बाहेरून पाहून ती नाकारता येत नाही. दुरून मोबाइलवर एक फोटो काढा, माळ्याची शिडी काढून घ्या, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि वडिलांनी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन लेखी माहिती द्यावी. डबा केवढा, कशाचा, कोठे आणि अंदाजे किती वर्षांपासून आहे एवढे लिहिले की पुरते. पुढचे काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचे आहे. परवानाधारक माणूस स्वतः होऊन कळवतो तेव्हा त्याची बाजू भक्कम राहते, म्हणून अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. डबा विहिरीत टाकणे, शेतात पुरणे किंवा घंटागाडीत देणे हे तिन्ही मार्ग मी लोकांना सुचलेले पाहिले आहेत आणि तिन्हींत धोका आपल्या घरातून उचलून दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

आता तिजोरीकडे वळतो. मौल्यवान वा धोकादायक वस्तू जाड लोखंडात कुलूपबंद करावी ही आपली सवय सोन्याला आणि कागदपत्रांना लागू पडते, दारूला नाही. दारू पेटली की क्षणात प्रचंड प्रमाणात गरम वायू तयार होतो. त्या वायूला बाहेर पडायला वाट असेल तर मोठा भपका होतो, खोली काळवंडते, छताला आग लागते आणि माणूस भाजतो. हे भयंकरच आहे. वाट नसेल तर मात्र दाब वाढत जातो आणि शेवटी ते लोखंडच तुकडे होऊन फुटते. बिनधुराच्या पावडरीच्या बाबतीत ही गोष्ट आणखी तीव्र आहे, कारण दाब जसा वाढेल तशी ती अधिक वेगाने जळते. मोकळ्यावर पसरलेली हीच पावडर नुसती जोरात जळून जाते. याचा अर्थ तिजोरी आगीपासून दारूचे रक्षण करत नाही, उलट आग लागल्यास दारूचे रूपांतर बॉम्बमध्ये करते. कारखान्यातून येणारे पावडरीचे डबे पातळ पत्र्याचे, पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे असतात ते यासाठीच. थोडाही दाब वाढला की ते उसवावेत अशीच त्यांची रचना असते. त्यामुळे मूळ डबा बदलून दारू स्टीलच्या बरणीत, काचेच्या बाटलीत किंवा जुन्या थर्मासमध्ये भरणे ही तिजोरीसारखीच चूक आहे, फक्त लहान आकाराची.

त्याऐवजी सुतारकाम जाणणाऱ्या कोणाकडूनही एक लाकडी पेटी करून घ्यावी. फळी किमान एक इंच जाडीची असावी, सांधे डिंकाने आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेले असावेत, आतल्या बाजूला खिळ्याचे किंवा स्क्रूचे टोक उघडे राहू नये आणि झाकण घट्ट आवळून बसणारे नसावे. लाकूड उष्णता हळू आत सोडते, त्यामुळे बाहेर आग लागली तरी माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो, आणि आतून दाब आलाच तर झाकण उचलले जाऊन तो निघून जातो. अमेरिकेत, जेथे घरी काडतुसे भरण्याचा छंद मोठा आहे, अग्निसुरक्षेचे मानक हेच सांगते. तेथे घरात २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९ किलो, बिनधुराची पावडर मूळ डब्यातच ठेवावी आणि त्याहून अधिक, ५० पौंडांपर्यंत असेल तर एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवावी असा दंडक आहे. हे आकडे त्यांच्या देशाचे आहेत, आपल्याला ते परवानगी म्हणून वापरता येत नाहीत, पण पेटीमागचा विचार येथेही तितकाच खरा आहे. चोरीची भीती असेल तर कुलूप खोलीच्या दाराला लावावे. बंदूक वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्याच हाती असाव्यात.

पेटी कोठे ठेवावी हे ठरवताना आपल्या भागातील घरांची रचना लक्षात घ्यावी लागते. माळा बाद, कारण पत्र्याखालचा किंवा कौलांखालचा माळा चैत्र-वैशाखात भट्टीसारखा तापतो आणि उष्णता हा बिनधुराच्या पावडरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. स्वयंपाकघर आणि देवघर बाद, कारण चूल, गॅस, समई आणि उदबत्ती. गोठ्यालगतची वैरणीची खोलीही बाद. जिन्याखालची जागा मोकळी असते म्हणून लोक हमखास तीच निवडतात, पण आग लागल्यावर वरच्या मजल्यावरची माणसे त्याच वाटेने खाली येणार असतात. इन्व्हर्टरची बॅटरी ज्या खोलीत असते तेथेही पेटी नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि जोडणीत ठिणगी पडू शकते. पेट्रोलचा कॅन, रंग, थिनर, फवारणीची औषधे आणि खतांची पोती त्या खोलीत येता कामा नयेत. उरते ती तळमजल्यावरची, भिंतीला दुपारचे ऊन न लागणारी, येण्या-जाण्याच्या वाटेवर नसलेली खोली. पेटी जमिनीवर न टेकवता लाकडी घडवंचीवर ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. घर पूररेषेत असेल तर पावसाळ्यापूर्वीच दारू परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करण्याचा विचार करावा.

जागेचा हा विचार आपल्या मातीत नवा नाही. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याबद्दल लिहिले आहे की तो घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखाली नसावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे, आत माच (लाकडी मांडणी) घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत आणि सर्दी पोहोचू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावे असेही त्यात आहे. जागेबद्दलच्या सूचनांमागचा विचार आजही पाळावा, शेवटची सूचना मात्र पाळू नये. त्या काळी मडक्यातली दारू ओल धरतच असे आणि उन्हाशिवाय दुसरा उपाय नव्हता. आजची दारू हवाबंद डब्यात येते. ती परातीत पसरून उन्हात ठेवणे म्हणजे एकाच वेळी ती तापवणे, वाऱ्यावर उडवणे आणि अंगणातल्या बिडीच्या ठिणगीसमोर उघडी करणे होय.

तरीही दमटपणा हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडच्या डोंगरपट्ट्यात आषाढ-श्रावणात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. काळ्या दारूच्या सैल झाकणाच्या डब्यात या दिवसांत काय होते ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. आधी सुटे, चकचकीत असलेले दाणे एकमेकांना चिकटतात, मग त्यांची ढेकळे होतात आणि वाळल्यावर ढेकळांवर पांढरट लव दिसते. ती लव म्हणजे ओलाव्याबरोबर बाहेर आलेला शोरा (पोटॅशियम नायट्रेट). शोरा, कोळसा आणि गंधक यांचे एकजीव मिश्रण तेथे मोडलेले असते. त्यामुळे अशी दारू काही ठिकाणी मंद, काही ठिकाणी तीव्र जळते आणि नळीत कोणता दाब देईल याचा भरवसा राहत नाही. ती वाळवून परत वापरण्याच्या मोहात पडू नये. ढेकळे खलबत्त्यात किंवा पाट्यावर वरवंट्याने फोडून घेण्याची रीत काही घरांत अजून आहे आणि तिच्याविषयी मी हात जोडून सांगतो की ती आजच बंद करा. दगडावर दगड, मध्ये काळी दारू आणि वर वाकलेला माणसाचा चेहरा, यापेक्षा वाईट मांडणी दुसरी नाही.

ओल टाळण्यासाठी फ्रिजचाही उपयोग करू नये. बाहेर काढल्यावर डब्यात दव धरते आणि फ्रिजमध्ये विजेचे ठिणगी पाडणारे भाग असतातच. मूळ डबा, घट्ट झाकण आणि पेटीत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या एवढे पुरते.

बिनधुराच्या पावडरीचा स्वभाव वेगळा आहे. तिला ओलीपेक्षा वय आणि उष्णता बाधते. तिच्यातील नायट्रोसेल्युलोज अत्यंत हळू, पण सतत विघटित होत असते. त्यातून निघणारी आम्ले शोषून घेण्यासाठी कारखान्यात डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरकारक मिसळलेला असतो आणि तो संपला की विघटन स्वतःच स्वतःला वेग देऊ लागते. फ्रेंच नौदलाच्या ‘इएना’ आणि ‘लिबेर्ते’ या युद्धनौका १९०७ आणि १९११ मध्ये तुलाँ बंदरात उभ्या असताना स्फोटाने नष्ट झाल्या, त्याचा दोष अशाच खराब झालेल्या पावडरीकडे गेला. घरातल्या अर्ध्या किलोच्या डब्याला तेवढे सामर्थ्य नसते, पण रसायन तेच असते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर प्रत्येक डबा पाहावा. चांगल्या पावडरीला ईथर किंवा अल्कोहोलसारखा हलका गोडसर वास येतो. झाकण उघडताच नाकाला झोंबणारा आंबट वास आला, तांबूस वाफ दिसली, दाण्यांवर विटकरी रंगाची भुकटी आढळली किंवा पत्र्याचा डबा बाहेरून कोरा असताना आतून गंजलेला दिसला, तर ती पावडर संपली असे समजावे. वास घेताना तोंड डब्यावर नेऊ नये, हाताने हवा नाकाकडे ओढावी. असा डबा इतर डब्यांपासून लगेच वेगळा, सावलीत ठेवून विक्रेत्याला किंवा पोलिसांना कळवावे.

टोप्या या दोन्हींपेक्षा संवेदनशील असतात, कारण त्यांचे कामच ठोक्याने पेटणे हे आहे. कारखाना त्यांना खाचा असलेल्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एकमेकींपासून सुट्या ठेवतो, म्हणजे एक उडालीच तर शेजारचीला आग लागू नये. त्या ट्रेमधून काढून काजूच्या बाटलीत किंवा औषधाच्या डबीत ओतल्या की हे अंतर नाहीसे होते आणि एकीबरोबर सगळ्या एकदम उडतात, वर काचेचे तुकडे. टोप्या दारूच्या पेटीत ठेवू नयेत, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. तिजोरीतून दारू काढताना वडिलांनी आधी टोप्या बाजूला कराव्यात, मग दारूला हात लावावा.

आता काडतुसे भरण्याविषयी. रेंजवर आपल्या जिल्ह्यातील बहुतेक नेमबाज एअर रायफल किंवा .२२ बोअरची रायफल वा पिस्तूल वापरतात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांचे यश पाहून या खेळाकडे आलेल्या मुलांनी हे जाणून घ्यावे की .२२ चे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या काठातच घातलेला असतो. प्रश्न उरतो तो १२ बोअरसारख्या काडतुसांचा.

परवानगी मिळाल्यावरही टेबलावर एका वेळी एकच पावडर असावी, हा नियम मी इतर सर्व नियमांच्या वर ठेवतो. दोन वेगळ्या पावडरी रंगाने आणि दाण्याने हुबेहूब सारख्या असू शकतात आणि त्यांची शक्ती दुपटीने वेगळी असू शकते. डोळ्याने किंवा बोटाने पावडर ओळखता येते असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. काम संपले की मापातली उरलेली पावडर त्याच क्षणी तिच्याच मूळ डब्यात परत जावी. चहाला उठताना ती मापात राहिली आणि सकाळी ती कोणती हे खात्रीने सांगता आले नाही, तर ती वापरातून बाद झाली, किंमत कितीही असो. नाव नसलेला डबा हा रिकामा डबा नव्हे, तो अनोळखी पदार्थ आहे. पावडर, टोपी, पुठ्ठ्याची गद्दी (पावडर आणि छर्रे यांच्यामधली) आणि छर्रे यांचे प्रमाण उत्पादकाने छापलेल्या तक्त्याबाहेर जाऊ नये आणि तक्त्यातला एक घटक बदलून बाकीचे तसेच ठेवू नयेत. पावडर भरलेले काडतुसाचे प्रत्येक नळकांडे गद्दी बसवण्यापूर्वी उजेडात पाहावे, कारण एकाच नळकांड्यात दोनदा पडलेले माप हे बंदुकीची नळी फुटण्याचे एक नेहमीचे कारण असते.

अंगावर सुती कपडे असावेत. टेबलावर घोंगडे किंवा नायलॉनचे कापड अंथरू नये, कारण कोरड्या थंडीत त्यांच्या घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि काळी दारू व टोप्या तिला प्रतिसाद देऊ शकतात. काळ्या दारूसाठी पितळी किंवा लाकडी साधने वापरावीत. सांडलेली दारू मऊ कुंच्याने कागदावर गोळा करावी, व्हॅक्यूम क्लिनरने कधीच नाही. काम चालू असताना मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. यामागे ठिणगीपेक्षा लक्ष विचलित होण्याची चिंता मोठी आहे. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू किंवा खाणे तोंडात जाऊ नये.

ठासणीच्या बंदुकीबद्दल तीन गोष्टी वडिलांना आवर्जून सांगा. तीत काळी दारूच घालायची असते, बिनधुराची पावडर चिमूटभरही नाही, कारण तिचा दाब ती नळी झेलूच शकत नाही. दारू मोठ्या डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नये, आधी लहान मापात घेऊन मग ओतावी, कारण मागच्या बारातला जळता कण नळीत उरला असेल तर मापातली दारू भडकेल, हातातला पूर्ण डबा तरी वाचेल. आणि रानडुकरे रात्री येतात म्हणून बार भरून बंदूक सोप्याच्या भिंतीला टांगण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी. टोपी काढून ठेवली तरी आत दारू आणि शिसे आहेतच, आणि घरातल्या नातवाला ते माहीत नसते.

आग लागलीच तर दारूच्या आगीशी झुंजू नये. जळायला लागणारा प्राणवायू दारूतच असतो, त्यामुळे वाळू टाकून किंवा घोंगडे झाकून ती विझत नाही, उलट झाकण्याने दाब वाढतो. आग दुसरीकडे लागली असून पेटीपर्यंत पोहोचलेली नसेल तरच दुरून भरपूर पाणी मारावे. पोहोचत असेल तर सगळ्यांनी बाहेर पडावे, ११२ किंवा १०१ वर कळवावे आणि घरात दारू नेमकी कोणत्या खोलीत आहे हे अग्निशमनाच्या जवानांना पहिल्या वाक्यात सांगावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांखालील परवाना शस्त्र आणि ठरावीक दारूगोळा बाळगण्याचा असतो. काडतुसे भरणे म्हणजे दारूगोळा तयार करणे होय. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडे अर्ज करून लेखी, स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत त्याला हात घालू नये. दारूच्या साठ्याला स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूरला आहे. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावतीसह करावी आणि परवान्यावरील प्रमाणापेक्षा कमीच, एका हंगामापुरती करावी. परवानाधारकाचे निधन झाले तर वारसांनी बंदुकीबरोबर दारू आणि टोप्याही विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या असतात. शस्त्र अधिनियमाचे कलम २१ हेच सांगते. आजोबांचा डबा माळ्यावर राहिला तो बहुधा याच टप्प्यावर कोणाच्या लक्षात आला नाही म्हणून.

निवडणुकीच्या आचारसंहितेतही असेच होते. आदेश आला की बंदूक ठाण्यात जमा होते, पण दारू घरीच विसरली जाते. त्या दिवशी ठाणे अंमलदाराला दारू आणि टोप्यांबद्दल स्वतःहून विचारावे आणि जमा केल्यास पोचपावतीवर त्यांची वेगळी नोंद करून घ्यावी. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर कोणता डबा कधी आणला, कधी उघडला, किती उरले आणि कधी तपासला हे वडिलांच्या हाताने लिहून ठेवले की ठाण्यात, विक्रेत्याकडे आणि पुढे वारसांना तोच कागद दाखवता येतो.